खाऱ्या जमिनीतलं झाड वेगळं काय करतं?

तकलामकान वाळवंटाच्या उत्तर कडेने तारिम नदी जाते. जाते म्हणायचं इतकंच, कारण तिचा खालचा टप्पा गेल्या शतकात कित्येक वर्षं कोरडा ठणठणीत पडून होता. त्या काठावर युफ्रेटिस पॉपलर नावाचं झाड उभं असतं. त्याच्या खालच्या फांदीचं पान बोटासारखं लांब, अरुंद. मान वर करून शेंड्याकडे पाहिलं तर तिथलं पान तळहातासारखं रुंद, कडा दातेरी. दोन्ही पानं एकाच झाडाची आहेत यावर आधी विश्वास बसत नाही. खोडाला कुठे चीर पडली असेल तर तिथून पाझरलेला रस वाळून त्यावर पांढरा खार धरलेला दिसतो. मुळांनी किती खारट पाणी वर ओढलंय, याची ती पावतीच.

या झाडाचा एक चुलत भाऊ उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात, भरल्या नद्यांच्या काठी वाढतो: ब्लॅक कॉटनवुड. संपूर्ण जनुकसंच, म्हणजे पेशीतल्या डीएनएची अख्खी वही, वाचला गेलेलं हे जगातलं पहिलं झाड. ते काम २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१३ मध्ये युफ्रेटिस पॉपलरचाही जनुकसंच हाती आला आणि दोन भावांच्या वह्या शेजारी ठेवून ताडून पाहता आल्या. खारट पाण्यात एक भाऊ मान टाकतो, दुसरा तग धरतो. मग वहीत फरक कुठे?

आपली अपेक्षा साधारण अशी असते की दुसऱ्याच्या वहीत एखादं जादूचं पान निघेल. ‘दुष्काळाचं जनुक सापडलं’ असे मथळे येतातच. प्रत्यक्षात तसं पान निघालं नाही. दोघांकडची अवजारं जवळजवळ तीच आहेत. एवढंच कशाला, मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या तणाकडेही ती आहेत. फरक पडतो तो कोणत्या अवजाराचे किती नग आहेत, ते कुठे ठेवलेत आणि कधी हातात घेतले जातात, यात.

मीठ नेमकं काय बिघडवतं

मीठ झाडाला दोन तऱ्हांनी छळतं. पहिला त्रास तहानेचा. मुळांमधला रस बाहेरच्या पाण्यापेक्षा ‘दाट’ असतो, म्हणून पाणी आत ओढलं जातं. बाहेरचं पाणीच खारट झालं की ही ओढ मावळते. पायाशी ओल असूनही झाड तहानलेलं राहतं. खारवट जमिनीतलं आणि कोरड्या जमिनीतलं झाड सुरुवातीला अगदी सारखं वागतं ते यामुळे, आणि दुष्काळ सोसणं व मीठ सोसणं यांचा अभ्यासही बहुधा जोडीनेच होतो.

दुसरा त्रास विषाचा, आणि तो सावकाश चढतो. मिठातलं सोडियम पेशीत साठत जातं. पेशीतली कितीतरी विकरं पोटॅशियमच्या भरवशावर चालतात. सोडियम हा पोटॅशियमचा तोतया. विद्युतभार तोच, रूपही बरंचसं तसंच. तोतया गादीवर बसला की कारभार ठप्प होतो आणि खऱ्याला बसायला जागा उरत नाही. जुन्या पानांच्या कडा करपू लागतात ते या टप्प्यावर.

झाडाकडे या तोतयासाठी पहारेकरी असतात. पेशीच्या पडद्यात रुतून बसलेली ही प्रथिनं आहेत, आणि प्रत्येकाची कृती एकेका जनुकात लिहिलेली असते. पहिला पहारेकरी एसओएस-१. तो मुळांच्या पेशींच्या बाहेरच्या पडद्यात बसतो आणि आत शिरलेलं सोडियम परत मातीत ढकलतो. एसओएस म्हणजे ‘सॉल्ट ओव्हरली सेन्सिटिव्ह’, मिठाला अती हळवा. पहारेकऱ्याला असं नाव का? कारण १९९०च्या दशकात अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या तणात बिघाड घडवून, थोड्याशा मिठानेही कोमेजणारी रोपं आधी वेचली गेली आणि मग त्यांच्यात काय मोडलंय ते शोधलं गेलं. जनुकांची नावं अशीच उलटी पडतात. घरातल्या फ्यूजचं नाव ‘अंधार’ ठेवावं, तसं.

दुसरा पहारेकरी एचकेटी-१. पहिल्याला चुकवून जे सोडियम पाण्याच्या प्रवाहात मिसळलं आणि पानांकडे निघालं, त्याला हा वाटेतच उतरवून घेतो. तिसरा एनएचएक्स. पानापर्यंत पोहोचलेलं सोडियम तो पेशीतल्या रिक्तिकेत कोंडतो. रिक्तिका म्हणजे पेशीच्या आतली पाण्याची मोठी पिशवी. कित्येक पेशींची बहुतेक जागा तीच व्यापते. इथली चाल मला फार आवडते. कोंडलेल्या मिठामुळे पिशवीतलं पाणी दाट होतं आणि त्या ओढीने बाहेरचं पाणी पेशीत येतं. चोराला तळघरात डांबायचं आणि वर त्याच्याकडूनच पाणी शेंदून घ्यायचं!

हे काही फुकट होत नाही. सोडियम हलवायला लागणारी ताकद पेशीतले प्रोटॉन-पंप पुरवतात आणि पंप चालवायला साखर जाळावी लागते. ती साखर मग खोडाच्या, पानांच्या वाढीला मिळत नाही. हा हिशेब पुढे पुन्हा लागेल.

जादा किल्ली आणि सदा पेटलेला दिवा

आता परत दोन भावांकडे. ब्लॅक कॉटनवुडच्या जनुकसंचात एचकेटी-१ची एक प्रत आहे, तर युफ्रेटिस पॉपलरमध्ये चार. सोडियमची ने-आण करणाऱ्या आणि पेशीला ताणातून सांभाळणाऱ्या इतर काही जनुककुळांतही असाच जादा भरणा सापडला.

जनुकांच्या अशा प्रती नजरचुकीने तयार होतात. पेशी विभागताना डीएनएची नक्कल उतरते, आणि कधीमधी एखादा तुकडा दोनदा उतरतो. बहुतेक वेळा ही दुसरी प्रत काही काळाने निकामी होऊन जाते. पण घराच्या किल्लीचा एक नग जादा असला की तो कानशीने घासून दुसऱ्या कुलपाला बसवून पाहण्याची मोकळीक मिळते. घासताना तो बिघडला तरी घराबाहेर राहायची वेळ येत नाही. पहिली प्रत जुनं काम करत राहते, दुसरी थोडी बदलते. ती वेगळ्या पेशीत चालू होते, जास्त जोमाने चालते किंवा वेगळ्या वेळी. खारवट मातीत ज्या रोपांत असा बदल कामी आला, त्यांची बी पुढे गेली. हजारो पिढ्या हे चालू राहिलं.

दुसरा फरक अधिक सूक्ष्म आहे. संशोधकांनी युफ्रेटिस पॉपलर आणि मिठाला कच्चा असलेला करडा पॉपलर यांना मिठाचं पाणी देऊन कोणती जनुकं जागी होतात ते मोजलं. करड्या पॉपलरमध्ये धावपळ उडाली, असंख्य जनुकं चालू-बंद झाली. सोशिक झाडात त्या मानाने फारशी हालचालच दिसली नाही. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं, ज्याला लढायचंय तोच स्वस्थ कसा? कारण असं की कच्चं झाड संकट आल्यावर जी जनुकं चालू करतं, त्यांतली बरीचशी इथे आधीपासूनच चालू होती. मीठ नसतानाही. एका घरात पुराचं पाणी उंबऱ्याला लागल्यावर सामान माळ्यावर चढवायची घाई होते. दुसऱ्या घरात सामान कायम माळ्यावरच असतं.

जनुक असणं आणि जनुक चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयातला बहुतेक गोंधळ त्या एक मानल्याने होतो. प्रत्येक जनुकाच्या आधी डीएनएचा एक पट्टा असतो. तिथे विशिष्ट प्रथिनं येऊन बसली की जनुक वाचलं जातं, नाहीतर ते नुसतं लिहिलेलं राहतं. सोशिक झाडांच्या उत्क्रांतीत बरेच बदल या पट्ट्यांत झालेले आहेत, जनुकाच्या मूळ मजकुरात नव्हे.

सगळी झाडं या एकाच वाटेने गेली असंही नाही. खाऱ्या किनाऱ्यावरच्या तिवराच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात; पान चाटून पाहिलं तर सरळ खारट लागतं. वाळवंटातला टॅमॅरिक्सही तेच करतो, आणि त्याचं पुढचं प्रकरण आणखी मजेदार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की त्याच्या फांद्यांवर साचलेले मिठाचे कण रात्री दमट हवेतली वाफ टिपतात आणि त्या पाण्याचा काही भाग झाड शोषून घेतं. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच. मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी वनस्पतींच्या वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे, अनेकदा उगम पावल्या. म्हणजे सुटं सामान सगळ्यांकडे होतं, जोडणी ज्याने त्याने आपापली केली.

तहानेचं गणित

दुष्काळाकडे वळताना पानाच्या पाठीवरची छिद्रं आधी पाहू. प्रत्येक पर्णरंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात, ओठांसारख्या. त्या फुगल्या की छिद्र उघडतं, कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. जेवायला तोंड उघडावं तर पाणी सांडतं, अशी झाडाची कायमची अडचण आहे.

माती सुकू लागली की झाडात ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं. ते १९६०च्या दशकापासून माहीत होतं, पण पेशीत त्याला ओळखणारी प्रथिनं नक्की कोणती, हे कळायला २००९ उजाडलं. काम चालतं ते असं. एरवी पेशीत एक प्रथिन ब्रेक दाबून बसलेलं असतं. संप्रेरक आलं की त्याला ओळखणारं प्रथिन त्या ब्रेकलाच धरून ठेवतं. ब्रेक सुटतो, पुढची साखळी चालू होते, रक्षक पेशींमधले क्षार भराभर बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणी जातं, ओठ ढिले पडतात आणि छिद्र मिटतं. ही साखळी जवळपास सगळ्या फुलझाडांमध्ये आहे. वाळवंटी झाडाचं वेगळेपण ती किती लवकर चालू होते यात असतं.

लवकर मिटणं चांगलं, असं वाटेल. नेहमी नाही. २००२-०३ मध्ये अमेरिकेच्या नैऋत्य भागात कडक दुष्काळ पडला. तिथे पिन्यन पाइन आणि जुनिपर शेजारी शेजारी वाढतात. पाइन सावध, पाणी कमी झालं की छिद्रं पटकन मिटून घेतो. जुनिपर मातीतला शेवटचा थेंब ओढत छिद्रं उघडी ठेवतो. मोठ्या प्रमाणावर मेले ते पाइन. दार बंद करून बसलेल्या झाडाला पाणी पुरतं, पण अन्न तयार होत नाही. साठा घटतो, चीक बनवायला काही उरत नाही आणि मग साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचं फावतं. थोडा काळ टिकणाऱ्या दुष्काळात पाइनची रीत बरी, लांबलेल्या दुष्काळात जुनिपरची. ‘सोशिक झाड’ म्हणताना कोणता दुष्काळ, किती लांबीचा, हे विचारलं नाही तर त्या शब्दाला अर्थ राहत नाही.

जुनिपरला हे धाडस परवडतं ते त्याच्या लाकडामुळे. झाडातलं पाणी खालून ढकललं जात नाही, वरून ओढलं जातं. म्हणजे खोडातला पाण्याचा धागा सतत ताणलेला असतो. ताण फार झाला की त्यात हवेचा बुडबुडा शिरतो, धागा तुटतो आणि ती नळी बाद होते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅलिट्रिस ट्यूबरक्युलाटा या सूचिपर्णी झाडाचं लाकूड हवेच्या दाबाच्या १८० पटींहून जास्त ताण सोसतं. आजवर मोजलेल्यांत ते सर्वांत चिवट. याउलट २०१२ मध्ये जगभरच्या २२६ वृक्षजातींचा आढावा घेतला गेला तेव्हा सुमारे ७० टक्के जाती तुटण्याच्या अगदी काठावर जगताना आढळल्या, आणि त्यांत दमट जंगलांतलीही झाडं होती. जाड भिंतीच्या बारीक नळ्या घडवायला जास्त माल लागतो आणि त्यांतून पाणीही सावकाश चढतं. म्हणून चिवट झाड हळू वाढतं. अंथरूण पाहून पाय पसरणं त्याच्या लाकडातच कोरलेलं असतं.

मुळांचं सांगायचं तर कालाहारीत विंधन विहिरी खणताना शेफर्ड्स ट्री या झाडाची मुळं ६८ मीटर खोलीवर सापडली. मुळं किती सरळ खाली जातात यावर परिणाम करणारं ‘डीआरओ-१’ हे जनुक भातात सापडलं, २०१३ मध्ये त्याचं काम उलगडलं आणि पुढे प्लमच्या झाडातही त्याच घराण्यातलं जनुक मुळांना खोल नेताना दिसलं.

मग ही जनुकं सरळ उचलून का बसवत नाहीत?

बसवून पाहिली आहेत. २००१ मध्ये एनएचएक्स-१चं काम वाढवलेला टोमॅटो समुद्राच्या साधारण चाळीस टक्के खारटपणाच्या पाण्यावर वाढला, फळंही धरली आणि मीठ फळात नव्हे तर पानांत साचलं. गाजावाजा खूप झाला. या गोष्टीला वीसहून अधिक वर्षं झाली, पण खाऱ्या जमिनींवरचं चित्र त्याने पालटलं नाही. कुंडीत एकच त्रास असतो, बाकी सगळं वेळच्या वेळी मिळतं. उघड्या जमिनीवर मिठासोबत ऊन, कडक झालेली माती आणि मधूनच साचणारं पाणी असं सगळं एकदम अंगावर येतं.

डीआरईबी नावाच्या जनुकांची गोष्ट आणखी शिकवून जाते. हे मुख्य स्विच आहेत. एक दाबला की ताण सोसायला लागणारी कितीतरी जनुकं एकदम चालू होतात. जपानमधल्या संशोधकांनी अरॅबिडॉप्सिसमध्ये यातला एक स्विच कायमचा चालू ठेवला. रोपं दुष्काळात, मिठात, थंडीत टिकली, पण खुजी राहिली. सगळी साखर पहाऱ्यावर खर्च! मग १९९९ मध्ये त्यांनी तोच स्विच अशा पट्ट्यामागे जोडला की जो फक्त ताण आल्यावरच चालू होतो, आणि रोपांची वाढ बरीच सुधारली. युफ्रेटिस पॉपलर दिवा सतत पेटता ठेवतो, कारण त्याच्याकडे रात्रच फार मोठी असते. सहा महिने गोडं पाणी मिळणाऱ्या झाडाने त्याचं अनुकरण केलं तर ते तेलाच्या खर्चातच बुडेल.

शिवाय झाडांचा एक वेगळा पेच आहे. दुष्काळ सोसणं हा गुण एक-दोन जनुकांवर नव्हे, शेकडो जनुकांच्या बारीकसारीक वाट्यावर ठरतो आणि झाड फुला-फळाला यायला वर्षानुवर्षं जातात. म्हणून आता रोपाच्या पानाचा तुकडा घेऊन हजारो ठिकाणचा डीएनए तपासतात आणि आधीच्या लागवडींच्या नोंदींशी ताडून, ते रोप पुढे कसं निघेल याचा अंदाज बांधतात. अंदाज चुकतातही, पण वीस वर्षं वाट पाहण्यापेक्षा बरे.

त्याहून जुनी आणि माझ्या मते अजूनही सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे बी कुठून आणलं हे पाहणं. नदीकाठचा निलगिरी, युकॅलिप्टस कमाल्डुलेन्सिस, जवळपास अख्ख्या ऑस्ट्रेलियात नद्यांच्या काठाने पसरलेला आहे. जात एकच. पण क्वीन्सलँडमधल्या पेटफर्डचं बी उन्हाळी पावसाच्या उष्ण प्रदेशांत चांगलं निघतं आणि व्हिक्टोरियातल्या लेक अल्बाकुट्याचं बी हिवाळी पावसाच्या भूमध्यसागरी हवामानात. हे कळतं ते असं. वेगवेगळ्या ठिकाणचं बी आणून एकाच जमिनीत, एकाच पाण्यावर, शेजारी शेजारी लावायचं. जमीन एक, पाऊस एक; तरी ओळी वेगळ्या वाढल्या तर तो फरक जनुकांत आहे. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, आणि इथे आड म्हणजे ज्या झाडाखालून बी वेचलं ते झाड. लागवडीच्या फलकांवर जातीचं नाव मोठ्या अक्षरात असतं, बियाण्याचं गाव बहुतेक वेळा कुठेच नसतं.

सोशिकपणाचा अतिरेकही होतो. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेची वेडी बाभूळ दुष्काळ, मीठ, चराई सगळं पचवते म्हणून जगभर लावली गेली. आता ती केनिया-इथियोपियाच्या कुरणांतून हटता हटत नाही. केनियातल्या बारिंगो भागातले पशुपालक तर तिच्या गोड शेंगा खाऊन दात गमावलेली शेळीच पुरावा म्हणून कोर्टात घेऊन गेले होते.

आणि जनुकं अगदी तीच असूनही झाडं वेगळी वागू शकतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पॉपलरच्या काही वाणांची, प्रत्येक वाणात एकाच झाडापासून छाटकलमांनी आलेली, पण वेगवेगळ्या ठिकाणी वाढवलेली रोपं एकत्र आणून सारख्याच दुष्काळाला सामोरी केली. डीएनएचा मजकूर तोच, तरी काही वाणांत कोणती जनुकं चालू झाली हे त्यांचं आधीचं आयुष्य कुठे गेलं त्यावर बदललं. डीएनएवर चिकटणाऱ्या मिथाइल नावाच्या खुणांतही फरक दिसला. मजकूर न बदलता समासात पेन्सिलीने टिपा कराव्यात, तशा या खुणा.

त्याहून साधी गोष्ट रोपवाटिकेतल्या काळ्या पिशवीत घडते. खोल मुळांची जनुकं घेऊन आलेल्या रोपाचं सोटमूळ महिन्या-दोन महिन्यांत पिशवीचा तळ गाठतं, पुढे वाट नसते म्हणून वळतं आणि गोल गोल फिरत राहतं. रोप वरून टवटवीत दिसतं, खड्ड्यात लावल्यावर वर्षभर वाढतंही. मूळ मात्र त्याच वेटोळ्यात जाड होत जातं आणि खालच्या ओलीपर्यंत पोहोचत नाही. लावण्याआधी पिशवीचा तळ ब्लेडने कापून पाहावा. आत वेटोळं दिसलं, तर ते छाटून टाकूनच रोप खड्ड्यात ठेवावं.